सार्थकसमोर जेवण्याचा कार्यक्रम

कादंबरी परचुरे नक्की काय काम करते हे नारायण पेठेत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि पेठेत एखादी गोष्ट कुणालाच ठाऊक नसणं ही तशी दुर्मीळ बाब. स्पीच थेरपिस्ट म्हटल्यावर लोकांना वाटायचं, बोबड्या मुलांना नीट बोलायला शिकवत असेल. शेजारच्या एका काकांनी तर आपला पुतण्या वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीसाठी तिच्याकडे पाठवून दिला होता. तिने त्याला आल्या पावली परत पाठवलं आणि सोबत निरोप दिला, की माझे पेशंट भाषण करत नाहीत, बहुतेकांना अजून दातही आलेले नाहीत. काकांनी मग कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. त्याचा तिला बराच फायदा झाला.

तिचे पेशंट म्हणजे वेळेआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत वाढलेली, हृदयाला भोक घेऊन आलेली चिल्लीपिल्ली. कुणाला श्वासासाठी नळी, कुणाला दुधासाठी, एखाद्या बहाद्दराला दोन्ही. आता यात बोलण्याचा संबंध काय, असं कुणीही विचारेल, आणि विचारायचेच. पण जीभ, ओठ, टाळू, घसा ही सगळी मंडळी बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी चोखण्या-गिळण्याच्या कामाला जुंपलेली असतात. ज्यांना ते काम जमत नाही त्यांना ते शिकवायचं, ही कादंबरीची नोकरी. हातमोज्यातली करंगळी बाळाच्या तोंडात ठेवून ते कसं चोखतं, मध्येच दम कधी खातं, हे ती तासन्‌तास बघत बसे. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा ताल एकदा जुळला, की बाळाच्या आईकडे बघून ती नुसत्या भुवया उडवायची. त्या भुवयांवर जीव टाकणाऱ्या आया पुण्यात बऱ्याच होत्या.

गंमत म्हणजे लहानपणी बडबडीपायी तिने जितके धपाटे खाल्ले तितके पेठेत दुसऱ्या कुणी खाल्ले नसतील. वडील श्यामसुंदर परचुरे महापालिकेतून निवृत्त झालेले, शब्दाला महाग. त्यांच्या घरात जेवताना बोलायचं नाही, मचमच करायची नाही, भुरका तर मुळीच मारायचा नाही. आणि दुसऱ्याच्या घरी गेलं की पोटात कावळे ओरडत असले तरी ‘आम्ही जेवून आलोय’ असं सांगायचं. बाकीचे नियम कादंबरीने वेळोवेळी मोडले, पण हा शेवटचा मात्र हाडीमाशी खिळला. ‘जेवून आलेय’ हे ती इतक्या सहज म्हणायची, की तिच्या तोंडी तो नमस्काराचाच एक प्रकार होऊन बसला होता. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर सांगायची, की दिवसभर इतक्यांना भरवून झाल्यावर घरी जाऊन आणखी एकाला भरवायचा उत्साह उरत नाही.

तर अशा या कादंबरीला पुरतं जेरीस आणलं ते खराडीच्या सार्थकने. हा तिथल्या आप्पासाहेब नावाच्या जुन्या शेतकऱ्याचा नातू, वय सव्वादोन वर्षं. सातव्या महिन्यात जन्मला, हृदय दुरुस्त करायला दोनदा ऑपरेशन झालं, आणि पहिल्या दिवसापासून दूध नाकातल्या नळीने थेट पोटात गेलं. आता हृदय ठणठणीत होतं. गालही वर आले होते. एक्स-रेच्या पडद्यावर डॉक्टरांनी त्याचं गिळणंही तपासलं होतं. रडारडीत का होईना, जे काही पातळ आणि घट्ट घशाखाली उतरलं ते बरोबर आपल्या वाटेनेच उतरलं होतं. रस्ता मोकळा होता, वाहतूकच काही केल्या सुरू होत नव्हती.

कारण सार्थक तोंड उघडायचा नाही. हसायला उघडायचा, रडायला उघडायचा, कादंबरीच्या मांडीवर बसून आपल्या खास भाषेत गप्पा हाणायला तर भरपूर उघडायचा. पण चमचा दिसला की ओठ असे मिटायचा की कुलूपवाल्याला बोलवावं. त्याचंही चूक नव्हतं. जन्मल्यापासून त्याच्या तोंडाजवळ जे जे आलं होतं ते चिकटपट्टी, नळी, नाहीतर घशातला कफ ओढणारं यंत्र. त्या पोराने चमच्यावर विश्वास का म्हणून ठेवावा?

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की नाकातली नळी आता फार काळ ठेवता येणार नाही. पुढच्या तपासणीपर्यंत तोंडाने थोडंफार सुरू झालं तर आपण थांबू, नाहीतर छोटंसं ऑपरेशन करून पोटातून नळी घालू. त्यात भयंकर असं काही नाही, कितीतरी मुलं त्या नळीवर मजेत वाढतात, हे कादंबरीने सार्थकच्या आईला, वैष्णवीला, पुन्हापुन्हा समजावलं. वैष्णवी इंजिनियर होती, तिला ते पटतही होतं. पण ऑपरेशन थिएटरचं दार पोरावर तिसऱ्यांदा बंद होताना बघायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि हे ती कुणापासून लपवतही नव्हती. “ताई, मला लॉजिक कळतं हो,” ती एकदा म्हणाली, “पण ते दार नको.” त्या दिवसापासून ते दार कादंबरीच्याही डोळ्यांपुढून हलेना.

तिने प्रयत्नांची शिकस्त केली. उकडलेल्या लाल भोपळ्याची मऊसूत पेस्ट करून ती आरशावर लावली, खेळातल्या गाड्यांवर लावली, स्वतःच्या नाकावर लावली. अस्वलाला भरवून दाखवलं, बाहुलीला भरवून दाखवलं. सार्थकने अस्वल रंगवलं, बाहुली रंगवली, कादंबरीचा चष्मा रंगवला आणि खिदळला. भोपळा त्याच्या कानात गेला, तोंडात नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर श्यामसुंदरराव तिच्या केसांकडे बघून विचारायचे, आज काय, भाजी मंडईत नोकरी लागली का?

शेवटी तिने ठरवलं, दवाखान्यात फार झालं, आता याच्या घरी जाऊन बघू या. सकाळीच पोचायचं म्हणून स्कूटर काढली, पण नगर रस्त्याच्या कृपेने खराडीत शिरेपर्यंत दुपारची जेवणवेळ झाली. आप्पासाहेबांचा बंगला दोन काचेच्या टोलेजंग इमारतींच्या बेचक्यात उभा होता. शेतं जाऊन तिथे आयटीवाले आले, पण आप्पासाहेबांनी एक म्हैस हट्टाने ठेवली होती, आणि जेवणाच्या सुटीत गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी तिच्यासोबत फोटो काढायची. म्हैस फोटोसाठी मान वळवायला शिकली होती.

घरात शिरली तर दिवाणखान्यात सार्थक गाड्या खेळतोय आणि आप्पासाहेब समोर पहारा दिल्यासारखे बसलेले. बाकीची मंडळी कुठायत, असं तिने विचारलं. आप्पासाहेब छताकडे बघून म्हणाले, कामात हायती. पण घरभर ठेच्याचा ठसकेबाज वास पसरला होता, आणि असा वास येत असताना तिन्हीच्या तिन्ही माणसं कामात असतील यावर पेठेत वाढलेली बाई विश्वास ठेवत नाही. हात धुवायच्या निमित्ताने ती आत गेली.

स्वयंपाकघरामागे कपडे धुवायच्या जागेत, वॉशिंग मशीनला टेकून, वैष्णवी उभ्याउभ्या भाकरी खात होती. चोरून सिगारेट ओढावी तसं. दार उघडल्याबरोबर तिने घास पाठीमागे लपवला. कोठीच्या खोलीत धान्याच्या पिंपांमध्ये सार्थकची आजी, प्रेमलाकाकू, मांडीत ताट घेऊन बसल्या होत्या. आणि सार्थकचा बाप रविराज, एवढा सहा फुटी गडी, अंगणातल्या बंद गाडीत काचा वर करून डबा खात होता. त्याने खिडकीतून कादंबरीला पाहिलं आणि घासासकट नमस्कार केला.

हे काय चाललंय, असं तिने विचारल्यावर प्रेमलाकाकूंनी पदराने डोळे टिपले. “लेकराला खायला येत न्हाय वो ताई. त्येच्याम्होरं कसा घास घ्यायचा? पाप लागंल.”

म्हणजे सार्थक इस्पितळातून घरी आला तेव्हापासून या घरात त्याच्यासमोर कुणी पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं. पाहुण्यांना चहा अंगणात. सणाची जेवणं चुलत्यांकडे. आप्पासाहेब तर नातवासमोर तंबाखूसुद्धा मळायचे नाहीत. कुणी ठरवून नियम केला नव्हता; मायेपोटी प्रत्येकाने आपापला कोपरा शोधला होता.

कादंबरी तिथेच एका पिंपावर बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. या पोराने उभ्या जन्मात माणूस जेवताना पाहिलाच नव्हता. इस्पितळात कोण दाखवणार, आणि घरात ही प्रेमळ माणसं तोंड लपवून जेवणार. तोंडात घास घालायचा असतो, ही बातमीच त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, आणि कादंबरी महिनोन्‌महिने त्याला भोपळा दाखवत होती.

तिने सगळ्यांना बाहेर दिवाणखान्यात आणलं, ताटांसकट. सांगितलं, की आजपासून सगळ्यांनी सार्थकसमोर बसून जेवायचं. त्याला भरवायचं नाही, आग्रह करायचा नाही, आशेने त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. आपलं आपण जेवायचं, आणि मजेत जेवायचं.

पहिलं जेवण दहाव्याला बसल्यासारखं झालं. कुणी मान वर करेना. प्रेमलाकाकू घास घेत होत्या आणि डोळ्यांतून पाणी काढत होत्या. कादंबरी म्हणाली, “काकू, तुम्ही अशा जेवलात तर त्याला वाटेल जेवण म्हणजे शिक्षा असते.” वैष्णवीला हसू फुटलं. आप्पासाहेबांनी मात्र हा थेट हुकूम समजून बाह्या सरसावल्या. भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, कांदा ताटाशेजारी ठेवला आणि त्याला अशी बुक्की हाणली की कांद्याच्या पाकळ्या चहूकडे उडाल्या. सार्थक दचकला, मग असा खळखळून हसला की त्याला मागे टेकू द्यावा लागला. त्याने बोटाने खूण केली, पुन्हा. आप्पासाहेबांनी पुन्हा बुक्की हाणली. त्या दुपारी घरातले कांदे संपले.

मग त्या घरातली जेवणं म्हणजे रोजचा तमाशा झाला. इतके महिने बंद गाडीत जेवलेला रविराज पापड डोक्यावर फोडून खाऊ लागला. प्रेमलाकाकू ठेचा खाऊन मुद्दाम हाशहुश करायच्या. सार्थक एकेकाकडे टक लावून बघायचा, घास हातातून तोंडात आणि तोंडातून घशाखाली जाईपर्यंत नजरेने पोचवून यायचा. पुढे पुढे तर तोच भरवू लागला. आजोबांच्या तोंडात भाकरी कोंबायचा, बापाच्या तोंडात वांगं. आजोबांना नको असलं तरी कोंबायचा. स्वतःचं तोंड मात्र गच्च बंद. कादंबरी यायची, बाजूला बसून सगळं बघायची. प्रेमलाकाकू दर वेळी ताट वाढू का विचारायच्या आणि ती दर वेळी म्हणायची, जेवून आलेय.

तपासणी जवळ आली तेव्हा तिच्या तोंडून एक वाक्य निसटलं. घरचे चारच चेहरे रोज बघून पोर सरावलंय, आणखी चार माणसं जेवताना दिसली तर बरं होईल, असं ती म्हणाली. तिच्या डोक्यात एखादी मावशी, एखादी आत्या असं होतं. पण ज्यांनी आयुष्यात चारशे पानांखाली जेवण कधी घातलंच नाही, त्या आप्पासाहेबांसमोर असलं बोलू नये.

पुढच्या खेपेला खराडीच्या चौकात सिग्नलला ती थांबली आणि वर बघते तर स्वतःचाच चेहरा. चांगला बैलगाडीएवढा. महाबळेश्वरला काढलेला, डोळ्यांवर गॉगल. शेजारी सार्थक, त्याच्या डोक्यावर फोटोत चिकटवलेला फेटा. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: ‘चि. सार्थक यांच्यासमोर जेवण्याचा भव्य कार्यक्रम. तरी सर्वांनी सहकुटुंब येऊन पोटभर जेवावे. मार्गदर्शक: सौ. कादंबरीताई परचुरे.’ त्याखाली शुभेच्छुकांचे डझनभर मिशाळ फोटो. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी तिला गाडी पुढे घ्यायचं भान राहिलं नाही.

फ्लेक्सचा फोटो तिच्याआधी नारायण पेठेत पोचला होता. श्यामसुंदररावांनी तो फोनवर बराच वेळ पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला. मग म्हणाले, “सौ. झालीस. कळवलं नाहीस.” एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

आप्पासाहेबांना तिने चांगलं फैलावर घेतलं. अशा नाजूक पोराभोवती गर्दी म्हणजे आजाराला आवतण, हे तिने त्यांना ऐकवलं. आप्पासाहेबांचा चेहरा इतका पडला की तिचंच मन विरघळलं. मग अटी घातल्या. कार्यक्रम उघड्या अंगणात. सर्दी-खोकलावाल्याला प्रवेश नाही. पोराला कुणी हात लावायचा नाही, पापा घ्यायचा नाही. डीजे नाही. आप्पासाहेबांनी विचारलं, ढोल? ढोल नाही. हलगी? हलगीही नाही. आप्पासाहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, बरं, म्हशीला आणलं तर चालंल का?

रविवारी दुपारी अंगणात मांडव उभा राहिला. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया असा बेत. सार्थक उंच खुर्चीवर पंगतीच्या तोंडाशी, नाकातल्या नळीवर वाघाचं चित्र असलेली चिकटपट्टी, असा प्रमुख पाहुणा होऊन बसला. लोक यायचे, लांबून त्याला नमस्कार करायचे आणि त्याच्याकडे तोंड करून जेवायला बसायचे. लग्नात नवरदेवाकडे कुणी इतकं बघत नसेल. जुने पैलवान रावसाहेब तिथे पुरणपोळीची सुरळी करून ती तुपाच्या वाटीत बुडवून अख्खी गिळत होते, आणि दर पोळीला सार्थक टाळ्या पिटत होता. एका आज्जींच्या तोंडात एकही दात नव्हता. त्या हिरड्यांनी भजं कसं फिरवतात हे बघण्यात कादंबरी इतकी रंगली की तिने त्यांना दुसरं वाढायला लावलं. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी आयटीतली पोरं आली होती. त्यांच्यातला एक चमच्याने खाऊ लागला, तर आप्पासाहेब कडाडले, की हातानं खा, पोराला वंगाळ वळण लावू नगा. मध्येच कुणीतरी माईक आणला आणि आता रावसाहेब सहावी पोळी घेत आहेत असं समालोचन सुरू केलं. कादंबरीने जाऊन माईकची वायरच उपटली.

सार्थक हसून हसून उचकी लागेपर्यंत खूश होता. हे इतकं छान चाललेलं बघून प्रेमलाकाकूंना राहवलं नाही. त्यांनी चांदीच्या वाटीत मऊ पुरण घेतलं आणि हळूच त्याच्यासमोर धरलं. सार्थकने वाटीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि ओठ मिटले. मान फिरवली. पंगतीतले हात ताटातच थबकले. मग रावसाहेबांनी घसा खाकरला, लोक हळूहळू उठले, हात धुतले आणि आप्पासाहेबांच्या खांद्यावर थोपटून निघून गेले.

मांडव रिकामा झाला. वैष्णवी खरकट्या पत्रावळींच्या मध्ये उभी होती. ती कादंबरीला एवढंच म्हणाली, “ताई, सगळं गाव जेवलं.”

कादंबरी पत्रावळी गोळा करू लागली. आपण या माणसांना उगीच नाचवलं, फ्लेक्सवर चढवलं, आणि शेवटी ते दार काही चुकवता आलं नाही, असं तिला वाटलं आणि रडू कोसळायच्या बेतात आलं. तेवढ्यात प्रेमलाकाकूंनी ताट वाढू का विचारलं. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, जेवून आलेय.

आता मात्र काकू तापल्या. “कवा जेवला? सकाळधरनं तर हितंच हायसा. हवा खाऊन आलाय व्हय?” आणि त्यांनी तिला दंडाला धरून चटईवर बसवलं, समोर ताट ठेवलं.

सकाळच्या चहावर उभी होती ती. ताट समोर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला सपाटून भूक लागलीय. तिने भातावर आमटी ओतून घेतली, कालवली आणि पहिला घास घेतला. मग पेशा, पेठ, वडील, सगळंच डोक्यातून गेलं. दुसरा घास, तिसरा घास. कटाची आमटी अशी झाली होती की तिने वाटी उचलून तोंडाला लावली आणि मांडवभर ऐकू जाईल असा भुरका मारला.

सार्थकला कुणीतरी खुर्चीवरून उतरवून शेजारच्या चटईवर सोडलं होतं. भुरका ऐकून त्याने हातातली गाडी टाकली. त्याने कादंबरीकडे असं काही पाहिलं की घास तिच्या तोंडातच राहिला.

तिला लख्ख उमगलं. या पोराच्या हिशेबी जगात दोन पक्ष होते, खाणाऱ्यांचा आणि न खाणाऱ्यांचा. खाणाऱ्यांच्या पक्षात आजोबा, बाबा, रावसाहेब, अख्खी खराडी होती. ते मोठे मौजेचे लोक होते, त्यांच्यावर हसावं, त्यांना भरवावं. पण आपला पक्ष वेगळा, आणि त्यात आपण आणि कादंबरीताई. ती रोज येते, सगळ्यांचं बघते, तिला विचारलं की नको म्हणते, अगदी आपल्यासारखी. आणि आज पक्षातली एकुलती एक सोबतीण त्याच्या डोळ्यांदेखत फुटून पलीकडे गेली होती.

सार्थक सरकत सरकत आला आणि तिच्या मांडीवर चढला. दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरून त्याने तिचा खालचा ओठ ओढला आणि आत वाकून पाहिलं, आमटी गेली कुठे ते. आप्पासाहेब पुढे यायला लागले. कादंबरीने डावा हात वर करून त्यांना जागच्या जागी थांबवलं. तिने भुवया उडवल्या नाहीत. नुसता आणखी एक घास खाल्ला, खरोखरच भूक लागली होती म्हणून.

सार्थकने तिच्या वाटीत हात घातला. मनगटापर्यंत. मग तो हात वर काढून त्याने बराच वेळ निरखला आणि दोन बोटं तोंडात घातली.

त्याचं तोंड असं वाकडं झालं की आता हा रडणार. अंगावर शहारा आला, डोळ्यांत पाणी आलं, गूळ आणि गरम मसाला दोघांनी मिळून पहिल्याच भेटीत त्याला गाठलं होतं. कादंबरी त्याच्या छातीजवळ कान नेऊन श्वास ऐकत होती. घरघर नाही, ठसका नाही. एक गिळल्याचा बारीकसा आवाज आला. तो तिने आयुष्यात हजारो बाळांच्या घशात ऐकला होता, पण आज तो पुन्हा एकदा ऐकावा म्हणून तिने कान तिथून हलवला नाही. सार्थकने बोटं बाहेर काढली, तपासली आणि पुन्हा वाटीत बुडवली. आणि या वेळी ओठांनी आवाज केला, तिने केला होता तसा, मांडवभर ऐकू जाईल असा.

रविराजने खांबाआड जाऊन तोंड लपवलं. आप्पासाहेबांना आरोळी ठोकायची होती, पण कादंबरीचा हात अजून वरच होता, म्हणून त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. प्रेमलाकाकू एकाच वेळी हसत, रडत आणि नातवाच्या अंगावरून मीठमोहऱ्या ओवाळायला मोहऱ्या शोधत पळाल्या. नळी काही उद्या निघणार नव्हती. महिने लागणार होते, हे कादंबरीला ठाऊक होतं. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर सांगायला आता बोटभर का होईना, खरीखुरी आमटी होती, आणि एवढ्यावर ते थांबतो म्हणाले होते. तिने ताटाच्या कडेला मऊ पुरणाचा गोळा ठेवला आणि तिकडे न बघता जेवत राहिली.

सार्थकने गोळा उचलला. थोडा केसांना लावला, थोडा चाटला, थोडा तोंडात घोळवून बाहेर काढला. उरलेला लिबलिबीत लगदा मुठीत धरून त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणाला द्यावा म्हणून. वैष्णवी केव्हाची येऊन समोर गुडघ्यांवर बसली होती. त्याने मूठ तिच्यापुढे केली.

पोरांचं अर्धवट राहिलेलं आया खातातच. वरणभाताचा शेवटचा घास, कुरतडलेलं बिस्किट, चोखून टाकलेली आंब्याची कोय. कोणतीही आई त्याचा विचारसुद्धा करत नाही, उलट या उष्ट्यानेच वजन वाढलं म्हणून कुरकुरते. वैष्णवीच्या वाट्याला सव्वादोन वर्षांत त्यातलं काहीच आलं नव्हतं.

तिने तो गोळा तोंडात घातला. डोळे मिटून कितीतरी वेळ चघळला. मोहऱ्या घेऊन परतलेल्या प्रेमलाकाकूंनी ते पाहिलं आणि सुनेपुढे तळहात पसरून म्हणाल्या, “मला बी दे की गं वाईच.”

वैष्णवीने भरल्या तोंडानेच मान हलवली, नाही म्हणून, आणि लेकाच्या मुठीत उरलेलं पुरणही चाटूनपुसून संपवलं.